‘परवानगी’ आणि ‘संमती’ : ॲपद्वारे होणारे माहितीसंकलन आणि ग्रामीण वापरकर्त्याचे खासगीपण

प्रस्तावना :

खरीप २०२३ मधील कापूस व सोयाबीन उत्पादक शेतकऱ्यांना अर्थसाहाय्य देण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये घेतला. ०.२ हेक्टरपर्यंतच्या क्षेत्रास सरसकट १,००० रुपये आणि त्याहून अधिक क्षेत्रास दोन हेक्टरच्या मर्यादेत हेक्टरी ५,००० रुपये, असे त्याचे स्वरूप होते. पात्रता ठरविताना ई-पीक पाहणी या मोबाइल ॲपवर आदल्या वर्षी झालेली नोंद आधारभूत मानण्यात आली. पुढे सातबाऱ्यावर पिकाची नोंद असलेल्या इतर खातेदारांनाही त्यात सामावून घेण्यात आले. मात्र यादीत नाव असले तरी रक्कम बँक खात्यात जमा होण्यापूर्वी शेतकऱ्याला एक कागद भरून कृषी सहायकाकडे द्यावा लागे. आधारविषयक माहितीचा या योजनेसाठी वापर करण्यास आपली हरकत नाही, अशा आशयाचे ते संमतीपत्र होते. सामाईक खात्याच्या बाबतीत इतर हिस्सेदारांचे ना हरकत पत्र वेगळे जोडावे लागे.

अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उत्तरेस, खानदेशाच्या सीमेला लागून असलेला सोयगाव तालुका हा कापूस व मक्याचा तालुका आहे. अशा तालुक्यांत या संमतीपत्राची चर्चा पारावर झाली, झेरॉक्सच्या दुकानांपुढे झाली. परंतु ज्या ॲपवरील नोंदीमुळे तो कागद भरण्याची वेळ आली, त्या ॲपला आपण कधी आणि कशाची संमती दिली होती, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. कागदावरची सही माणसाच्या लक्षात राहते. काचेवर टेकविलेले बोट राहत नाही. प्रस्तुत लेखात या दोन कृतींमधील अंतर स्पष्ट करण्याचा आणि त्या अंतरात ग्रामीण वापरकर्त्याच्या खासगीपणाचे काय होते, हे पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

परवानगी म्हणजे संमती नव्हे :

मोबाइलवर एखादे ॲप उघडताच ते कॅमेरा, स्थान, संपर्कयादी इत्यादींसाठी विचारणा करते. वापरकर्ता होकार देतो आणि आपण संमती दिली असे समजतो. वास्तविक ही केवळ प्रवेशाची परवानगी असते. घरात कोणाला येऊ द्यावे हा एक प्रश्न आहे. आत आलेल्याने काय पाहावे, काय टिपून घ्यावे आणि ते कोणाला सांगावे हा निराळा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर फोनची कार्यप्रणाली विचारते. दुसऱ्याचे उत्तर गोपनीयता धोरण नावाच्या दीर्घ दस्तऐवजात दडलेले असते.

परवानगीच्या बाबतीत गेल्या दशकात सुधारणा झाली हे मान्य केले पाहिजे. अँड्रॉइड प्रणालीत पूर्वी ॲप घेतानाच सर्व परवानग्या एकगठ्ठा द्याव्या लागत. नको असतील तर ॲपच सोडावे लागे. २०१५ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून प्रत्येक संवेदनशील बाबीसाठी प्रत्यक्ष वापराच्या वेळी विचारणा होऊ लागली. २०१९ च्या दहाव्या आवृत्तीत ॲप वापरात असतानाच स्थान कळू देण्याचा, तर २०२० च्या अकराव्या आवृत्तीत केवळ त्या एका वेळेपुरती परवानगी देण्याचा पर्याय मिळाला. ॲपल कंपनीने एप्रिल २०२१ मध्ये एका पाऊल पुढे जाऊन, इतर कंपन्यांच्या ॲप व संकेतस्थळांवरील वापराचा माग काढण्यापूर्वी वापरकर्त्याला विचारणे ॲपनिर्मात्यांवर बंधनकारक केले.

तरीही माहितीचा एक मोठा प्रकार या विचारण्यांच्या कक्षेबाहेर राहतो. ॲप किती वाजता उघडले, कोणत्या पडद्यावर किती वेळ थांबले, कोणते बटण दाबले, अर्ज अर्ध्यावर कोठे सोडला, फोन कोणत्या बनावटीचा आहे, जोडणी कोणत्या जाळ्यावरून झाली ही सारी वापरविषयक माहिती होय. तिच्यासाठी बहुधा कोणतीही चौकट पडद्यावर उमटत नाही. ती गोळा करण्याचे काम अनेकदा ॲपनिर्माता स्वतः करीतही नाही. दुसऱ्या कंपनीने तयार करून ठेवलेला आज्ञावलींचा संच तो आपल्या ॲपमध्ये बसवितो आणि त्या संचाद्वारे माहिती परस्पर त्या दुसऱ्या कंपनीच्या संगणकांकडे जाते. गुगलचा फायरबेस हा अशा संचांपैकी सर्वपरिचित. ॲप कोठे बंद पडते, कोणता भाग लोकांना अवघड जातो हे कळण्यास अशी साधने उपयुक्त आहेत, यात शंका नाही. पण एकच संच शेकडो ॲपमध्ये असला आणि फोनला दिलेला जाहिरात-ओळखक्रमांक सर्वत्र एकच राहिला, तर सुटे तुकडे एका माणसाच्या दिनक्रमात गुंफले जातात. बाजारभावाचे, कर्जाचे आणि आरोग्याचे अशी तीन वेगवेगळी ॲप वापरणाऱ्याने त्या तिघांनाही आपली पूर्ण ओळख दिलेली नसते, तरी ती तयार होऊ शकते.

गोपनीयता धोरण वाचावे, हा यावर सर्वत्र दिला जाणारा सल्ला. ॲलिसिया मॅकडोनाल्ड आणि लॉरी क्रेनर यांनी २००८ मध्ये या सल्ल्याचाच हिशेब मांडला. एका अमेरिकन व्यक्तीने वर्षभरात भेट दिलेल्या संकेतस्थळांची धोरणे शब्दशः वाचायची ठरविल्यास सरासरी २४४ तास लागतील, असा त्यांचा अंदाज होता. हा हिशेब स्मार्टफोन घरोघरी पोहोचण्यापूर्वीचा आणि इंग्रजी येणाऱ्या वाचकाचा आहे.

शिवारातील उघडे गुपित :

ई-पीक पाहणीचे उदाहरण येथे मुद्दाम घेतले आहे, कारण ते जाहिरातदाराचे नव्हे तर लोककल्याणाच्या हेतूने काढलेले ॲप आहे. टाटा ट्रस्टच्या सहकार्याने विकसित झालेला हा प्रकल्प महसूल विभागाने १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर राबविला. त्यापूर्वी पिकांची नोंद तलाठी करीत असे. १९७१ च्या अधिकार अभिलेखविषयक नियमांप्रमाणे ती गाव नमुना बारामध्ये व्हावयाची. अनेक गावांचा भार असलेला तलाठी प्रत्येक बांधावर जाऊ शकत नसे, आणि मागच्या वर्षीचे पीक यंदाच्या रकान्यात उतरल्याच्या तक्रारी ग्रामीण भागात नवीन नव्हत्या. आपल्या पिकाची नोंद शेतकऱ्यानेच करावी ही कल्पना त्या दृष्टीने स्वागतार्ह होती. मोबाइल क्रमांक नोंदवून, खाते व गट निवडून, पीक, क्षेत्र, सिंचनाचे साधन भरून शेतात उभे राहून छायाचित्र घ्यावयाचे. छायाचित्रासोबत अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत गटाच्या ठिकाणापासून खातेदार किती दूर आहे हे दाखविण्याची, ४८ तासांत दुरुस्ती करण्याची आणि गावातील इतर खातेदारांची पीक पाहणी बघण्याची सोय झाली.

यात खासगी ते काय, असा आक्षेप सहज घेता येईल. फर्दापूरच्या किंवा बनोटीच्या रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही शेतात कापूस आहे की मका हे दिसते. सातबारा तर मुळातच सार्वजनिक अभिलेख. हा आक्षेप गंभीरपणे घ्यावयास हवा, कारण खासगीपण म्हणजे गुपित, असा समज त्यामागे आहे. अमेरिकन विचारवंत हेलन निसेनबॉम यांनी २००४ मध्ये मांडलेला सिद्धान्त या समजाला छेद देतो. त्यांच्या मते माहिती गुप्त आहे की उघड, यापेक्षा ती ज्या संदर्भात दिली गेली त्या संदर्भाचे संकेत पाळून पुढे जाते की नाही, हे महत्त्वाचे असते. शेजाऱ्याला आपले पीक दिसते. पण त्याला आपल्या शेतातले पीक, आपला मोबाइल क्रमांक, छायाचित्राची वेळ, सिंचनाचे साधन आणि मागच्या पाच हंगामांचा इतिहास एका ओळीत मांडून दिसत नाही. तसा तो एखाद्या बियाणे विक्रेत्याला, विमा कंपनीला किंवा कर्ज देणाऱ्याला दिसला, तर शेतकऱ्याशी सौदा करताना त्याचे पारडे जड होईल. ई-पीक पाहणीतील माहितीचे असे काही झाले आहे, असे येथे सुचवायचे नाही. शिवारातील उघड गोष्टदेखील एकत्र नोंदीत गेल्यावर निराळी होते, एवढाच मुद्दा आहे.

नावे काढून टाकली की प्रश्न सुटतो, असे तंत्रज्ञ सांगतात. लाटान्या स्वीनी यांनी २००० मध्ये दाखवून दिले होते की जन्मतारीख, लिंग आणि पाच अंकी पिनकोड एवढ्या तीन बाबींवरून अमेरिकेतील सुमारे ८७ टक्के लोक ओळखता येण्याजोगे ठरतात. महाराष्ट्रातील शेतजमिनीच्या बाबतीत इतकेही करावे लागत नाही. अक्षांश-रेखांशावरून गट क्रमांक काढता येतो आणि गट क्रमांकावरून सातबारा महाभूलेख संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतो. त्यावर खातेदाराचे नाव असते. म्हणजे नाव खोडलेली पण स्थान ठेवलेली नोंद ही वस्तुतः नावासहित नोंदच होय.

आणखी एक अडचण ग्रामजीवनातून येते आणि ती कोणत्याही गोपनीयता धोरणाच्या मसुद्यात बसत नाही. संमतीचे सारे शास्त्र एक माणूस, एक फोन असे गृहीत धरते. गावात फोन घराचा असतो. आईच्या नावावरील शेताची नोंद मुलगा करतो, काकाची पुतण्या करतो, ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्याची शेजारी करतो. एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करण्याची सोय ॲपमध्येच ठेवावी लागली, हे वास्तव ओळखल्याचेच लक्षण. पुढे हे ॲप केंद्राच्या डिजिटल पीक सर्वेक्षणाशी जोडण्यात आले. त्यात शेतकऱ्यांसाठीची मुदत संपल्यावर उरलेल्या क्षेत्राची नोंद नेमलेला सहायक करतो. या सर्व व्यवहारात परस्पर विश्वास आहे, सोय आहे, आपुलकीही आहे. पण होकाराचे बटण दाबणारा आणि ज्याची माहिती जाते तो, हे दोघे वेगळे आहेत. ओटीपी ओरडून सांगितला जातो आणि अंगणातल्या सर्वांना तो ऐकू जातो.

कायद्याची भूमिका :

के. एस. पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. त्या पीठावरील न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. शरद बोबडे हे दोघे महाराष्ट्रातील. आणीबाणीच्या काळातील १९७६ च्या जबलपूर खटल्यात न्या. यशवंत चंद्रचूड यांनी बहुमताच्या बाजूने दिलेले मत चुकीचे होते, असे त्यांच्याच पुत्राने या निकालपत्रात नोंदविले, ही न्यायालयीन इतिहासातील दुर्मीळ घटना होय. या निकालाच्या काही दिवस आधी, ३१ जुलै २०१७ रोजी, मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती राहिलेल्या आणि पुढे सर्वोच्च न्यायालयातून निवृत्त झालेल्या न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखाली केंद्राने समिती नेमली होती. तिने जुलै २०१८ मध्ये अहवाल दिला. पाच वर्षांच्या चर्चेनंतर आणि मसुद्यांच्या अनेक फेऱ्यांनंतर डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून संमतीविषयक मुख्य तरतुदींसाठी अधिसूचनेत अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली.

अधिनियमाचे सहावे कलम अभ्यासकांनी मुळातून वाचावे असे आहे. संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, विनाअट व निःसंदिग्ध असली पाहिजे; ती स्पष्ट होकारार्थी कृतीने दिलेली असली पाहिजे; आणि सांगितलेल्या हेतूसाठी आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती ती मर्यादित राहील. कलमात दिलेले उदाहरण बोलके आहे. दूरस्थ वैद्यकीय सल्ला देणारे एक ॲप रुग्णाकडून उपचारासाठी माहिती मागते आणि सोबत फोनमधील संपर्कयादीही मागते. रुग्ण दोन्हीला होकार देतो. तरीही कायद्याच्या दृष्टीने त्याची संमती पहिल्या गोष्टीपुरतीच, कारण वैद्यकीय सल्ल्यासाठी संपर्कयादीची गरज नाही. होकार दिला असूनही तो होकार नव्हे, असे म्हणण्याचे धैर्य या तरतुदीत आहे. संमतीची विनंती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, पाहता आली पाहिजे. संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे. वाद झाल्यास संमती रीतसर घेतली होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्यावर आहे.

परंतु पुढचेच, सातवे कलम वाचताना उत्साह थोडा ओसरतो. अनुदान, लाभ, सेवा, दाखला किंवा परवाना देण्यासाठी शासनाला काही अटींच्या अधीन राहून संमतीशिवाय माहितीवर प्रक्रिया करता येते. ही तरतूद पूर्णतः अनाठायी नाही. दुष्काळाची मदत देताना प्रत्येक पायरीवर नवी संमती मागितली तर मदत पोहोचायला पुढचा पावसाळा उजाडेल. अडचण अशी की ग्रामीण नागरिकाचा माहितीव्यवहार मुख्यतः शासनाशीच असतो. पीक पाहणी, शिधापत्रिका, शिष्यवृत्ती यांतील बराचसा व्यवहार या कलमाखाली येऊ शकतो. महाराष्ट्रात कृषी योजनांच्या लाभासाठी शेतकरी ओळख क्रमांक १५ एप्रिल २०२५ पासून अनिवार्य करण्यात आला. म्हणजे सहाव्या कलमाचे सुंदर शब्द ज्याला सर्वाधिक हवेत, त्याच्या वाट्याला प्रामुख्याने सातवे कलम येते. तेथे त्याच्या हाती संमती नसते. आवश्यक तेवढीच माहिती घ्यावी आणि गरज संपल्यावर ती ठेवू नये, ही नियमांनी शासनावर घातलेली बंधने तेवढी असतात.

खासगी कंपन्यांच्या बाबतीत प्रश्नाचे रूप वेगळे आहे. व्हॉट्सॲपने जानेवारी २०२१ मध्ये आपले धोरण बदलून ‘स्वीकारा अथवा सोडा’ अशा स्वरूपाची विचारणा केली. भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हा प्रभुत्वाचा गैरवापर ठरवून मेटा कंपनीस २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अपील न्यायाधिकरणाने नोव्हेंबर २०२५ मध्ये आदेशाचा काही भाग रद्द करूनही दंड कायम ठेवला. सारे गाव ज्या ॲपवर आहे ते सोडण्याचे स्वातंत्र्य केवळ कागदोपत्री असते, हे यातून निदान स्पर्धेच्या कायद्यापुरते तरी मान्य झाले.

अंगठ्याचा इतिहास :

न समजता दिलेला होकार हा महाराष्ट्राला नवा विषय नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि कर्जरोख्यांचे कागद जाळले. उद्रेकाचे लक्ष्य मुख्यतः कागद होते, ही गोष्ट लक्षणीय आहे. वाचता न येणाऱ्या माणसाने अंगठा उठविलेला रोखा दिवाणी न्यायालयात त्याची पूर्ण संमती म्हणून उभा राहत असे. दख्खन दंगे आयोगाच्या चौकशीनंतर १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांसाठी केलेल्या या कायद्याने गावनिहाय निबंधकाची योजना केली. शेतकऱ्याने करून द्यावयाचा दस्त या निबंधकाच्या देखरेखीखाली लिहिला जावा, पक्षकाराची ओळख पटवावी, व्यवहार त्याला कळला आहे याची खात्री करावी आणि मगच सही घ्यावी, असा त्यामागील हेतू होता. सोयगावचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने हा कायदा येथे लागू नव्हता.

ब्रिटिश सत्तेचे हेतू काहीही असोत, त्या तरतुदीने एक गोष्ट ओळखली होती. कागदावर काय लिहिले आहे यापेक्षा तो वाचून दाखविणारा कोण आहे, यावर दुर्बल पक्षाची संमती अवलंबून असते. आजच्या अधिनियमात वाचून दाखविणारा नाही. मराठीतील सूचना आहे, आणि ती आवश्यकच आहे; पण ‘तृतीय पक्ष’, ‘प्रक्रिया’, ‘वैध हितसंबंध’ अशा भाषांतरित शब्दांनी भरलेली मराठी सूचना इंग्रजीइतकीच अवघड जाते, हे मराठीच्या अध्यापकांना वेगळे सांगण्याची गरज नाही. संमती व्यवस्थापक नावाची एक यंत्रणा नियमांत आहे. आपण कोणाला काय संमती दिली हे एका ठिकाणी पाहण्याची व मागे घेण्याची सोय तिच्यामुळे होईल. ती मात्र आणखी एक डिजिटल मंच आहे. बांधावर येऊन समजावून सांगणारा माणूस नाही.

महाविद्यालय : माहितीचा विश्वस्त :

अधिनियमाने माहिती गोळा करून तिचा हेतू ठरविणाऱ्या संस्थेस ‘विश्वस्त’ म्हटले आहे. या व्याख्येत महाविद्यालयही येते, याची जाणीव अध्यापकवर्गात अद्याप पुरेशी रुजलेली दिसत नाही. प्रवेशाच्या वेळी आधार, जात व उत्पन्नाचे दाखले व्हॉट्सॲप गटावर मागविणे, हजेरीसाठी कोणते तरी विनामूल्य ॲप सर्व विद्यार्थ्यांना घ्यावयास लावणे, विद्यार्थिनींच्या मोबाइल क्रमांकांसह वर्गाची यादी सर्वत्र पाठविणे ही दैनंदिन कामे सद्हेतूनेच होतात. संशोधनासाठी गुगल फॉर्मवर भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांचेही तसेच. प्रतिसादकाला आपला ईमेल पत्ता नोंदला जातो आहे हे ठाऊक नसते आणि प्रबंध पूर्ण झाल्यावर त्या उत्तरांचे काय करावयाचे, हे संशोधकाने ठरविलेले नसते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात घरोघरी फिरून केलेल्या सर्वेक्षणाचे कागद कपाटात राहत. त्यांची जागा घेणारी तक्ता-फाइल मात्र दुवा मिळालेल्या कोणालाही उघडता येते.

सर्वांत नाजूक भाग अकरावी-बारावीचा आहे. अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती अधिनियमाच्या दृष्टीने बालक असून तिच्या माहितीवर प्रक्रिया करण्यापूर्वी पालकाची पडताळणीयोग्य संमती घ्यावी लागते. या कर्तव्यात कसूर झाल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. शैक्षणिक संस्थांना शैक्षणिक उपक्रम व विद्यार्थ्यांची सुरक्षितता यांपुरती काही सूट नियमांनी दिली आहे. परंतु ही सूट संस्थेच्या स्वतःच्या कामापुरती आहे. संस्थेने निवडलेल्या बाहेरच्या ॲपने विद्यार्थ्याच्या वापराची माहिती जाहिरातीसाठी नेली, तर तिचा आधार घेता येईल असे दिसत नाही. त्यामुळे ॲप निवडणे हा आता केवळ संगणक विभागाचा विषय उरत नाही.

आणि पालकाची संमती घ्यावयाची म्हटली, तरी ती सोयगावसारख्या ठिकाणी कशी घेतली जाईल? वडील कापूस वेचणीला किंवा ऊसतोडीला बाहेरगावी, घरात एकच स्मार्टफोन आणि तो अभ्यासासाठी म्हणून अकरावीतल्या मुलीकडे किंवा मुलाकडे. पालकाच्या नावाने आलेला ओटीपी त्या विद्यार्थ्याच्याच तळहातावर उमटतो, आणि पालकाच्या वतीने होकाराचे बटणही तोच दाबतो.